अर्धे भाडे कुणाचे?

जुलै महिना लागला, की मोहोपाड्याच्या बाजारपेठेत ओल्या छत्र्या, भातलावणीच्या गप्पा आणि फॉर्म नंबर सोळा या तिन्ही गोष्टी एकदमच दिसू लागतात. पाताळगंगेच्या पट्ट्यातले कारखान्यांतले लोक, शिक्षक, निवृत्त झालेले कामगार असे कुणी ना कुणी रविवारी सकाळी माझ्या ओट्यावर येते. मी कादंबऱ्या लिहितो, ही गोष्ट गावात फारशी कुणी मनावर घेतलेली नाही. मी बँकेत अधिकारी होतो, हे मात्र सगळ्यांच्या पक्के लक्षात आहे. ‘‘काका, जरा एवढं बघून द्या,’’ म्हणत कागद पुढे सरकवला जातो आणि चहा होईपर्यंत कुणाच्या तरी वर्षभराच्या संसाराचा ताळेबंद माझ्यासमोर उघडा पडतो.

२०२५ साली प्राप्तिकराचे विवरणपत्र भरण्याची मुदत ३१ जुलैवरून १५ सप्टेंबरपर्यंत आणि शेवटी आणखी एक दिवस वाढवण्यात आली. त्यामुळे हा हंगाम गणपतीपर्यंत लांबला. त्याच गणपतीत आमच्या शेजाऱ्यांची मुलगी सुट्टीवर आली होती. तिचे वडील रसायनीच्या हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्समध्ये होते. सगळे त्या कारखान्याला ‘एचओसी’च म्हणतात. २०१७ साली केंद्र सरकारने तिथला बहुतेक कारखाना बंद करण्याचा निर्णय घेतला, त्याच्या आधीच ते निवृत्त झाले. मुलगी चेन्नईच्या प्रशिक्षण अकादमीतून लष्करात अधिकारी झाली, आज मेजर आहे आणि पुण्यात असते. जावई गोव्याचा, म्हापशाकडचा. तोही लष्करातच, लेफ्टनंट कर्नल. त्या वेळी तो लेहला होता. लग्नाला आठ वर्षे झाली. त्यांतली सलग एका छपराखाली किती गेली हे विचारण्याची सोय नाही.

तिने लॅपटॉप उघडला आणि म्हणाली, ‘‘काका, हा प्रश्न दरवर्षी येतो आणि दरवर्षी मी ‘नाही’वर टिचकी मारते. बरोबर आहे ना?’’

मी चष्मा सारखा केला. प्रश्न असा होता, की तुम्हाला कलम ५-अ अन्वये पोर्तुगीज नागरी संहिता लागू आहे काय?

खरे सांगतो, छातीत धस्स झाले. तो ‘नाही’ तिचा नव्हता, माझाच होता. लग्न झाले त्या वर्षी ती दोघे जोडीने आली होती आणि मी मोठ्या अधिकारवाणीने सांगितले होते, ‘‘तुझा पगार तुझा, त्याचा पगार त्याचा. त्याच्या म्हापशाच्या गाळ्याचं भाडं त्याचं. आपल्या देशात नवरा-बायकोचं रिटर्न वेगळं असतं, आणि प्राप्तिकराला राज्यबिज्य काही कळत नाही.’’ चार वाक्यांपैकी दोन चुकीची होती.

राज्य कळत नाही, हे बहुतांशी खरेच आहे. प्राप्तिकर हा केंद्राचा. तुम्ही ‘रहिवासी’ आहात की नाही हे तो विचारतो, ते देशापुरते. वर्षात १८२ दिवस भारतात होता का, वगैरे. ते दिवस तुम्ही खालापुरात काढलेत की लडाखमध्ये, याचे त्याला सोयरसुतक नाही. राज्याचा म्हणून जो व्यवसायकर पगारातून कापला जातो, तो महाराष्ट्रात वर्षाला जास्तीत जास्त अडीच हजार. राज्यघटनेनेच त्यावर तेवढी मर्यादा घातली आहे. महाराष्ट्रात सेवेत असलेल्या सैन्यदलाच्या लोकांना त्यातूनही सूट आहे. तेव्हा ‘नवरा एका राज्याचा, बायको दुसऱ्या राज्याची, आता कर कुठे भरायचा?’ हा प्रश्न आपल्याकडच्या फौजी जोडप्याला पडू नये, अशीच व्यवस्था दिसते.

अमेरिकेत मात्र हा प्रश्न घरोघरचा. तिथे बहुतेक राज्ये स्वतःचा प्राप्तिकर लावतात, टेक्सास आणि फ्लोरिडासारखी थोडी राज्ये लावत नाहीत. सैनिकाची बदली झाली म्हणून त्याचे राज्य बदलले असे मानायचे नाही, हे संरक्षण तिथे दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या १९४० च्या कायद्यापासून आहे. पण ते सैनिकाला. त्याच्यामागून बिऱ्हाड उचलून जाणारी बायको नव्या गावी नोकरीला लागली, की तिच्या पगारावर नवे राज्य हक्क सांगे. ही विसंगती दूर करायला २००९ साल उजाडावे लागले. तेव्हाही अट अशी, की दोघांचे मूळ राज्य एकच हवे. २०१८ मध्ये सैनिकाचेच राज्य स्वतःचे म्हणून निवडण्याची मुभा जोडीदाराला मिळाली. २०२३ च्या जानेवारीत कायदा आणखी सैल झाला. आता सैनिकाचे राज्य, जोडीदाराचे राज्य किंवा नेमणुकीचे राज्य, यांपैकी कोणतेही एक करापुरते धरता येते. एवढ्याशा गोष्टीला ऐंशी-ब्याऐंशी वर्षे लागली. आपल्याकडच्या कारभाराला नावे ठेवताना हेही लक्षात असू द्यावे.

आपल्याकडे राज्याचा प्रश्न अन्य वाटांनी घरात शिरतो. मोटार घ्या. रस्ताकर राज्याचा. एका राज्यात नोंदलेले वाहन दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांवर ठेवले, तर नव्या राज्यात नोंदवा, तिथला कर भरा, जुन्या राज्याकडून ना-हरकत दाखला आणा आणि उरलेल्या कराचा परतावा मागत बसा. दर दोन-तीन वर्षांनी बदली होणाऱ्या माणसाने हे किती वेळा करायचे? २०२१ च्या सप्टेंबरपासून ‘बीएच’ ही भारत मालिका आली आणि सैन्यदलातल्या लोकांची यातून पुष्कळशी सुटका झाली. कर दोन-दोन वर्षांचा भरायचा, पाटी तीच. ही मुलगी तिची गाडी दाखवताना रँकपेक्षा त्या पाटीबद्दल जास्त अभिमानाने बोलते.

मतदानाचेही तसेच. सैनिकाचे नाव त्याच्या मूळ गावच्या यादीत ‘सेवा मतदार’ म्हणून राहते आणि सोबत राहणाऱ्या बायकोचेही नोंदता येते. पण अधिकारी बाई असेल आणि नवरा तिच्याबरोबर राहत असेल, तर? कायद्यात शब्द ‘पत्नी’ होता, म्हणून नवऱ्याची सोय नव्हती. २०२१ च्या डिसेंबरात तो शब्द बदलून ‘जोडीदार’ केला. लष्करात बायका अधिकारी म्हणून १९९२ पासून येत होत्या.

आणि अधिवास. खालापूरच्या तहसील कचेरीतून अधिवासाचा दाखला काढण्यासाठी आपण रांगा लावतो, आणि सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्येच प्रदीप जैन खटल्यात म्हटले आहे, की भारतीय माणसाला अधिवास एकच, भारताचा. राज्याचा अधिवास असे काही नसते. न्यायालयाचे म्हणणे आपल्या जागी, तहसीलदारांचा शिक्का आपल्या जागी. असो.

तर मुद्दा गोव्याचा. इथे मात्र प्राप्तिकराला राज्य कळते.

पोर्तुगालची नागरी संहिता १८६७ सालची. ती १८७० पासून गोव्यात लागू झाली. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला, पोर्तुगीज गेले, पण कुटुंब आणि मालमत्तेचा हा कायदा १९६२ च्या कायद्याने चालू ठेवला गेला. त्यातली वारसाहक्काची बरीच कलमे पुढे गोव्याने स्वतःच्या नव्या कायद्यात आणली, तरी मूळ तत्त्व तेच राहिले. लग्नाआधी काही वेगळा करार केला नसेल, तर लग्नानंतर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक, दोघांची निम्मी-निम्मी. हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान असा भेद साधारणपणे नाही. नवऱ्याला घर विकायचे तर बायकोची सही लागते. गोव्यातल्या घराच्या व्यवहारात आमच्या बँकेतले नवे अधिकारी बायकोचीही सही का मागायची म्हणून गोंधळत, ते मी पाहिले आहे. मग मला हे माहीत नव्हते असे कसे म्हणू? गहाणखताच्या वेळी माहीत होते. कराच्या वेळी आठवले नाही. बँकेच्या माणसाचे ज्ञान असे खात्याखात्यांत विभागलेले असते.

उत्पन्नाचे काय करायचे, यावर गोव्यातली दांपत्ये आणि प्राप्तिकर खाते यांच्यात वर्षानुवर्षे वाद होता. १९९४ च्या वित्त कायद्याने कलम ५-अ घातले आणि ते थेट १९६३ पासून लागू केले. कलम तसे छोटेसे. या संहितेखालच्या जोडप्याचे पगाराखेरीज इतर उत्पन्न, म्हणजे भाडे, व्याज, धंदा, भांडवली नफा, निम्मे नवऱ्याच्या आणि निम्मे बायकोच्या विवरणपत्रात धरायचे. पगार मात्र ज्याचा त्याचा. दोघांच्या मर्जीचा इथे प्रश्न नाही. कायदा ‘धरता येईल’ म्हणत नाही, ‘धरले जाईल’ म्हणतो. १९६१ च्या कायद्याच्या जागी आलेल्या २०२५ च्या प्राप्तिकर कायद्यातही, ज्याच्या अंमलाची तारीख १ एप्रिल २०२६, ही तरतूद कायम ठेवली आहे.

आता खालापूर-कर्जतकडचा हिशेब पाहा. इथल्या नवऱ्याने कर वाचवायला स्वतःच्या पैशाची मुदतठेव बायकोच्या नावे केली, तर व्याज पुन्हा त्याच्याच उत्पन्नात मिळवले जाते. ‘क्लबिंग’ म्हणतात त्याला. बँकेच्या काउंटरवर हे समजावताना माझा घसा कितीदा बसला असेल! ठेव बायकोच्या नावे, पण कायदा म्हणतो ती तिची नव्हे. आणि बांद्याच्या पलीकडे ठेव नवऱ्याच्या नावे, पण कायदा म्हणतो निम्मी तिची. मध्ये एक नाका.

या दोघांचे लग्न म्हापशाला नोंदवलेले. गोव्यात निबंधकापुढे दोनदा जाऊन सही करावी लागते, म्हणून त्या वेळी तिने रजेवरून केलेली कुरकुर मला आठवत होती. वेगळा करार नव्हता. बदल्या लेहला झाल्या काय नि पुण्याला काय, नोकरीपायी कुठे राहिल्याने माणसाचे मूळ ठिकाण बदलत नाही, हे कायद्याचे जुने तत्त्व. भारतीय वारसा अधिनियमात तर सैनिकी सेवेचा नाव घेऊन उल्लेख आहे. आणि गोवेकराची मालमत्ता गोव्याबाहेर असली तरी तिच्या वारसाहक्काला हीच संहिता लागू, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या सप्टेंबरात जोझे पाउलो कुतिन्यो खटल्यात सांगितले. तेव्हा उत्तर ‘होय’ होते. आठ वर्षे.

मी तिला हे सांगितले. ती गप्प राहिली. मग म्हणाली, ‘‘म्हणजे तो गाळा निम्मा माझा आहे?’’

मी कराबद्दल बोलत होतो. तिने भलतेच ऐकले, आणि तेच खरे होते.

ढोबळ आकडे मांडतो. ते त्यांचे नव्हेत, हिशेब कळावा म्हणून घेतलेले. महिना तीस हजार भाडे, म्हणजे वर्षाचे ३,६०,०००. तीस टक्के वजावट जाऊन २,५२,०००. निम्मे १,२६,०००. समजा, तिचे इतर करपात्र उत्पन्न १८ लाख आणि त्याचे २५ लाख. २०२४-२५ या वर्षासाठी नव्या करप्रणालीत १५ लाखांच्या वर सरसकट तीस टक्के होते. म्हणजे भाडे कुणाच्याही पदरात घाला, सरकारला तेवढेच मिळणार. एक रुपया वाचत नाही. २०२५-२६ साठी टप्पे बदलले. तिच्या निम्म्यावर वीस टक्के, त्याच्याकडे असते तर तीस. फरक १२,६०० आणि उपकर धरून १३,१०४ रुपये. लेहला एका विमानतिकिटापुरते.

लेहचा विषय निघालाच आहे तर सांगतो. उंचावरच्या नेमणुकीच्या भत्त्यापैकी जुन्या प्रणालीत करमुक्त किती? नऊ ते पंधरा हजार फुटांपर्यंत महिना १,०६० रुपये. त्याच्या वर १,६००. हे आकडे इतके जुने, की भत्ते कितीतरी पटींनी वाढले, सियाचेनचा अधिकाऱ्यांचा भत्ता २०१७ मध्ये २१,००० वरून ४२,५०० झाला, तरी हे आकडे होते तिथेच राहिले. नवीन प्रणाली घेतली तर तेवढीही सूट नाही. ही १,०६० ची रक्कम वाचली की मला नेहमी कुणी तरी हिमालयाची उंची आण्या-पैत मोजते आहे असे वाटते.

पण खरी गोची मागच्या वर्षांची. भाडेकरू एक कंपनी. ती भाड्यातून दहा टक्के कर कापते, तो नवऱ्याच्या पॅनवर जमा होतो. भाडे त्याने पूर्ण दाखवले, कर पूर्ण भरला. तिने काहीच दाखवले नाही. सरकारचे नुकसान जवळजवळ शून्य. ती खालच्या टप्प्यात होती त्या वर्षी तर सरकारला चार पैसे जास्तच मिळाले. तरीही कायद्याच्या दृष्टीने त्याने जास्त भरले आणि तिने उत्पन्न दडवले. २०२२ पासून ‘अद्ययावत विवरणपत्र’ नावाची सोय आहे आणि २०२५ मध्ये तिची मुदत दोन वर्षांवरून चार वर्षांपर्यंत वाढवली. पण ती सरकारला आणखी पैसे द्यायला. त्यातून परतावा मागता येत नाही. म्हणजे तिने मागच्या वर्षांची चूक सुधारली, तर तिला कर, व्याज आणि वर जादा आकार; त्याने त्याच पैशावर भरलेला कर मात्र परत मिळायचा तर आयुक्तांपुढे अर्ज घेऊन जायचे. एका घरातला एकच रुपया, एका खिशातून दोनदा. मी तिला पनवेलच्या एका सनदी लेखापालाकडे पाठवले आणि तिथे माझी चूक माझ्या नावाने सांगायला लावली. त्या फीचे पैसे मी देऊ केले. तिने घेतले नाहीत, याचे मला अजून वाईट वाटते.

अमेरिकेत हाच निम्म्या-निम्म्याचा प्रश्न १९३० साली त्यांच्या सर्वोच्च न्यायालयात गेला होता. वॉशिंग्टन राज्यातले सीबॉर्न नावाचे जोडपे म्हणाले, आमच्या राज्यात नवरा-बायकोची कमाई सामाईक आहे, म्हणून आम्ही निम्मी-निम्मी दाखवणार. न्यायालयाने मान्य केले. टेक्सास आणि कॅलिफोर्नियात ही सामाईक मालमत्तेची पद्धत स्पॅनिश अमलातून आलेली. आपल्या गोव्यातली पोर्तुगीजांकडून. म्हणजे आयबेरियाच्या एकाच द्वीपकल्पातून निघालेले रूढीचे बी, एक टेक्सासात रुजले नि एक बारदेशात. फरक हा, की तिकडे पगारही निम्मा होई, म्हणून करात मोठी बचत. मग ओक्लाहोमा, मिशिगन, पेनसिल्व्हेनिया अशी राज्ये भराभरा ही पद्धत स्वीकारू लागली. बायकांच्या हक्काचा कळवळा नव्हे, कर वाचवण्याची घाई. शेवटी १९४८ साली अमेरिकन सरकारने साऱ्या देशाला एकत्रित विवरणपत्राने ही विभागणी देऊन टाकली. त्याबरोबर काही राज्यांनी ती पद्धत सोडूनही दिली! बायकोचा निम्मा हक्क करवाचवणीपुरता आला होता, तो तसाच गेला.

हे सांगायचे कारण, आपल्याकडेही आता एकत्रित विवरणपत्राची चर्चा आहे. सनदी लेखापालांच्या संस्थेने २०२५ च्या अंदाजपत्रकाआधी विवाहित जोडप्यांना असा पर्याय द्यावा, अशी सूचना केली होती. एकजण कमावतो त्या घराला याचा फायदा होईल, यात शंका नाही. मला मात्र धास्ती वाटते. एकत्र कागदावर पहिले नाव कुणाचे असेल, हे मी तीस वर्षे संयुक्त खात्यांचे अर्ज तपासून ओळखून आहे. सही करणारीला आतले आकडे ठाऊक नसतात. ‘‘हे म्हणाले इथे सही कर,’’ हे वाक्य मी किती वेळा ऐकले असेल! आणि कमी पगाराच्या जोडीदाराचा पहिला रुपयाच मग वरच्या दराने कापला जातो, की तिनेच नोकरी सोडावी असा हिशेब घरात निघतो. फौजी घरात, जिथे बदलीपायी बायकोची नोकरी आधीच टांगणीला, तिथे तर हमखास. त्यापेक्षा गोव्याची रीत मला बरी वाटते. कागद दोन, पॅन दोन, पगार ज्याचा त्याचा. आणि मालमत्तेतले निम्मे तिच्या कागदावर, तिच्या सहीने.

हे सगळे मी संध्याकाळी आरतीनंतर तिच्या वडिलांना सांगत होतो. गृहस्थ शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, ‘‘म्हणजे उद्या हे घर मी पोरीच्या नावावर केलं, तर अर्धं जावयाचं?’’

मी थांबलो. वासांबे-मोहोपाडा ग्रामपंचायतीच्या हद्दीत त्यांनी एचओसीच्या पगारातून, ओव्हरटाइमच्या पैशातून बांधलेले ते घर. मागच्या दोन खोल्या भाड्याने. सामाईक म्हणजे दोन्ही बाजूंनी सामाईक. ते मी उत्साहाच्या भरात सांगायचेच विसरलो होतो. ‘‘तसं होऊ शकतं,’’ मी म्हणालो. ‘‘मृत्युपत्र करण्याआधी गोव्यातल्या एखाद्या जाणकार वकिलाला विचारा. मला विचारू नका.’’

मुलगी आतून हसत बाहेर आली. ‘‘बाबा, त्याचा गाळा अर्धा मला आला तेव्हा तुम्ही मोदक खाल्लात की!’’

‘‘तो गाळा आहे. हे घर आहे,’’ ते म्हणाले, आणि उठून निरांजन सारखे करायला गेले.

रात्री आम्ही तिचे विवरणपत्र पुरे केले. ‘सहज’ नावाचा सोपा फॉर्म अशा जोडप्यांना चालत नाही, दोन नंबरचा घ्यावा लागतो. ‘होय’वर टिचकी मारल्यावर एक नवे परिशिष्ट उघडले. जोडीदाराचे नाव, त्याचा पॅन, निम्मे उत्पन्न, त्यावर कापलेला निम्मा कर. ३६,००० पैकी १८,००० तिच्या खाती. तिचे झाले. मग त्याचेही भरून टाकू म्हणून त्याचे उघडले, तर पडताळणीचा आकडा त्याच्या फोनवर जाणार आणि तो फोन लागेना. वरच्या चौकीवर गेला असेल, ती म्हणाली. आम्ही पुन्हा चहा केला. तिचे वडील सोफ्यावरच पेंगत होते. पावणेअकराला तिचा फोन वाजला. त्याने आधी आकडा सांगितला, सहा अंकी, सावकाश, दोनदा. मग पलीकडून विचारले, ‘‘किती वाचले?’’

‘‘काहीच नाही,’’ ती म्हणाली. ‘‘पण तुझा गाळा अर्धा माझा आहे, हे आता सरकारलाही माहीत झालंय.’’

पलीकडे बराच वेळ नुसती खरखर होती. रेंज गेली होती, की तो विचार करत होता, हे कळायला मार्ग नव्हता.